खंडेनवमीला पूजलेला लॅपटॉप

पुतणीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा होता. फोन आला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि लॅपटॉप पूजेत होता.

मी तेव्हा एका दैनिकाचं हिंगोली जिल्ह्याचं काम बघत होतो. नव्वदच्या दशकात बातमी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, पुढे फॅक्स आला, आणि दोन हजारचं दशक सरता सरता कार्यालयाने वापरलेला एक लॅपटॉप पाठवला. तो येऊन महिना झाला होता. माहितीपुस्तिका सोबत नव्हती. वरच्या मजल्यावर एक वकील राहत. त्यांच्या घरातलं वायफाय आमच्या ओट्यापर्यंत पोचायचं. पासवर्ड त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिला होता. मी ओट्यावर बसून बातम्या पाठवायचो.

आमचं घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. खंडेनवमीला आई पाटावर विळा, कुऱ्हाड आणि वडिलांची लोकर कातरायची कातर मांडायची. वडील गेल्यावरही कातर मांडली जायची. माझ्या नोकरीपासून तिच्याशेजारी पेन आलं. त्या वर्षी आईने लॅपटॉप मागितला.

"तुझं हत्यार आता हेच न्हवं का?" ती म्हणाली.

मी दिला. फक्त एक सूचना केली: झाकणावर, कळांवर हळदकुंकू नको, आत जाईल. तिने ते नीट ऐकलं. लॅपटॉप मिटलेलाच ठेवला आणि पुढच्या कडेला ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. झेंडूचं फूल वाहिलं.

भावाची मुलगी सणासाठी कनेरगाव नाक्याजवळच्या गावाहून आमच्याकडे आली होती. बारावी झालेली. औरंगाबादच्या एका कॉलेजच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्या दुपारी माझ्या मोबाइलवर तिथल्या कारकुनाचा फोन आला. एका मुलीने जागा सोडली होती, पुढचा नंबर हिचा होता. सही केलेलं संमतीपत्र आणि गुणपत्रिका पाचच्या आत ईमेलने पाठवायची, नाहीतर जागा हिच्या मागच्या मुलीला. फोनवरचा होकार चालेल का, असं मी विचारलं. चालणार नव्हता.

कोऱ्या संमतीपत्रावर पुतणीने अर्ज भरतानाच सही केली होती आणि सगळी कागदपत्रं स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवलेली होती. त्यामुळे मला काम दहा मिनिटांचं वाटलं.

अडचण आईची होती. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं.

"कातर उचलली असती का तू?" आई म्हणाली.

"कातरीवर तिचं कॉलेज न्हाई ना, आई."

आईने लॅपटॉपला हात जोडले, फूल उचलून कातरीवर ठेवलं आणि पदराच्या टोकाने पुढची कड पुसली. कुंकू वाळलं होतं. तिने जोर लावून घासलं. तरी थोडं राहिलंच. "घे," ती म्हणाली, "उजव्या हातानं."

लॅपटॉप सुरू झाला. नेटवर्कच्या यादीत एकही नाव नव्हतं. खाली ओळ होती की या परिसरात वायरलेस नेटवर्क सापडलं नाही.

मी वकिलांना फोन केला. ते सणाला नांदेडला गेले होते. शहरात भारनियमन होतं, पण त्यांचं मॉडेम इन्व्हर्टरवर होतं आणि ते चालू ठेवूनच ते गेले होते. खात्री करायला मी जिना चढलो. दाराला कुलूप होतं. खिडकीच्या गजांतून मॉडेमचे हिरवे दिवे लुकलुकताना दिसत होते. शेजारी निळी केबल गुंडाळून ठेवलेली होती. ती हातात आली असती तर वायफायची गरजच नव्हती. माझा हात दंडापर्यंत आत गेला. केबल त्याच्याही पुढे होती.

पुतणी लॅपटॉप घेऊन वर आली आणि तिने तो खिडकीला टेकवून धरला. यादी रिकामीच.

"काका, कुलूप तोडू का?"

"वकिलाचं?"

"मंग काय झालं? केस बी तेच लढतील."

ती हसली. मीही हसलो. त्या दुपारी हसणं तेवढंच झालं.

शहरात तेव्हा माझ्या माहितीतली दोन सायबर कॅफे होती. मी मोटारसायकलवर जाऊन आलो. एक सणामुळे बंद होतं. दुसऱ्याचं शटर अर्धं वर होतं, मालक बाहेर खुर्ची टाकून बसला होता. लाइट पाचला येईल, म्हणाला.

परतल्यावर संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो आखाडा बाळापूरला बहिणीकडे जेवायला गेला होता. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"बंद करून चालू केला का, साहेब?"

"तीनदा."

"बॅटरी काढून पाहा. धा मिनिटं तशीच राहू द्या."

बॅटरी काढली, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा लावली. यादी रिकामी. मग त्याने मला एकेका खिडकीतून आत नेलं. कशावर टिचकी मारायची ते तो सांगायचा, मला काय दिसतं ते मी वाचून दाखवायचो. वायरलेसच्या ओळीसमोर लाल फुली होती का? नव्हती. उपकरण ठीक चालत आहे, असं लिहिलेलं होतं.

"ठीक हाय म्हणतंय?"

"तसं लिहिलंय."

"मंग काहून चालून नाही राहिलं?" हे त्याने मला विचारलं.

शेवटी त्याने निदान केलं: ड्रायव्हर खराब. जुना काढून टाका, नवा घाला.

"नवा कुठून आणू?"

"इंटरनेटवरून उतरवून घ्या ना."

"इंटरनेटच तर चालत नाही," मी म्हणालो. "ते बी बराबर हाय म्हणा," तो म्हणाला. त्याच्या दुकानात सीडी होती, पण दुकानाची किल्ली त्याच्या खिशात होती. बाळापूरहून निघायला त्याच्याकडे गाडी नव्हती. मेहुणा गाडी घेऊन बाहेर गेला होता. तो आला की निघतो, म्हणाला.

साडेचार वाजले होते. बॅटरी संपत आल्याची सूचना पडद्यावर आली होती. कारकुनाला फोन केला, लाइन लागली नाही. माझ्याकडे प्रश्न विचारण्यासारखं कुणी उरलं नाही. माझ्या पेशात माणूस उत्तर शोधत नाही, ते कुणाला माहीत आहे ते शोधतो. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं. पुतणी ओट्याच्या पायरीवर बसून होती आणि घड्याळाकडे बघायचं टाळत होती.

पाचला लाइट आली. कॅफेत जाऊन उपयोग नव्हता, तरी मी निघालो. पेनड्राइव्हवर कागदपत्रं उतरवून घेत होतो, तेवढ्यात आई आली. तिला लॅपटॉप पुन्हा पाटावर ठेवायचा होता. कडेला राहिलेलं कुंकू तिला खटकत होतं. तिने पदर ओला केला आणि कड घासली, या वेळी उलट्या दिशेने.

टक असा बारीक आवाज झाला. कडेला निळा दिवा लागला. यादीत वकिलांचं नेटवर्क आलं.

त्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी एक सरकती कळ होती. रंग लॅपटॉपचाच, काळा. वायफाय चालू-बंद करायची. महिनाभर लॅपटॉप वापरून मला ती माहीत नव्हती. पूजेआधी ती चालू होती. दुपारच्या पुसण्यात ती सरकली आणि खाचेत कुंकू बसलं. झाकणावर लावू नको, हे सांगणारा मीच होतो.

पाच वाजून अठरा मिनिटांनी ईमेल गेला. उत्तर दसरा उलटल्यावर आलं. जागा भरली होती.

भावाला मी सांगितलं की मशीन बिघडलं होतं. बातमी अशी लिहिली असती तर कार्यालयाने परत पाठवली असती. दिवा लागला तेव्हा पुतणी शेजारीच उभी होती. ती सण संपवून गावी गेली आणि ते वर्ष घरीच राहिली. दिव्याला काय म्हणतात हे आईला ठाऊक नव्हतं, पण तो तिच्या हाताखाली लागला होता.

पुढच्या खंडेनवमीला मी लॅपटॉप स्वतःहून आणून पाटाजवळ ठेवला. विळा, कुऱ्हाड, कातर, पेन मांडून झालं होतं. आईने कुंकवाचं बोट कातरीवर ओढलं, पेनावर ओढलं. मग हात पदराला पुसून कोरडा केला आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिला.

"याला नको," ती म्हणाली. "पोरीचं काम निघालं त्येच्यावर, तर?"

पुतणी त्या वर्षी सणाला आली नव्हती. तिने अर्ज पुन्हा भरले होते आणि यादी लागायची होती.