सावकाशरावांचा पासवर्ड

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. कुणी घाई करायला लागलं की हा माणूस हातातला पाना खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "सावकाश. लिफ्ट पळून जात नाही." एकदा एका इमारतीचा व्यवस्थापक त्यांच्या अंगावर ओरडत आला, तर त्याला त्यांनी आधी स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं आणि मग सांगितलं की ओरडल्यानं मोटर थंड होत नाही. थोड्या वेळानं दोघंही थंड झाले, व्यवस्थापक आणि मोटर.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. लिफ्टच्या विहिरीत उतरण्याआधी वर मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली आपल्या खिशात. दोघं उतरणार असतील तर कुलपंही दोन. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, मग साहेब येवोत नाहीतर साहेबांचे साहेब. खाली माणूस असताना वर कुणा शहाण्यानं स्विच चालू केला तर पुढे काय होतं, ते सांगायची गरज नाही. सावकाशराव मात्र नव्या पोरांना ते सांगतच, आणि इतक्या वेळा, की पोरं त्यांच्या आधी वाक्य पुरं करत.

असा हा कुलपांचा भक्त पासवर्डाच्या बाबतीत मात्र एकाच किल्लीवर सगळं घर चालवत होता. हजेरीचं ॲप, बँक, विजेचं बिल, ईमेल, सगळीकडे तोच एक शब्द. वर त्यांना त्याचा अभिमान. स्टोअरकीपरचा पासवर्ड त्याच्या टेबलावर चिकटपट्टीनं लावलेला होता. सुपरवायझरचा म्हणजे त्याचं स्वतःचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, एवढी अक्कल त्यानं चालवली होती. सावकाशरावांचा शब्द मात्र कुणाला सात जन्मांत ओळखता आला नसता. जगात तो फक्त दोघांना ठाऊक होता, त्यांना आणि त्यांच्या बायकोला. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणजे आता ते एकटेच.

तो शब्द म्हणजे त्यांच्या मुलीचं नाव. आत्ताचं नव्हे, आधीचं.

मुलगी जेमतेम दोन वर्षांची असताना दोघांनी तिला संस्थेतून दत्तक घेऊन घरी आणलं होतं. तिथं तिला एक नाव होतं आणि तिला ते चांगलं कळत होतं. घरी बायकोनं नवं नाव ठेवलं. पाठोपाठ दोघं बिऱ्हाड हलवून या शहरात आले, जिथं कुणी ओळखीचं नव्हतं आणि कुणी विचारणारंही नव्हतं. पण पोर काही नव्या नावाला मान वळवेना. केळ्याचा तुकडा हातात धरून बायको दिवसभर तिला हाका मारत बसायची. एका सकाळी पोर वळली. दोघं हसले, मग बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. "आपण तिचं काहीतरी काढून घेतलं हो," ती म्हणाली.

सांगायचं तर होतंच. शाळेत गेली की सांगू, शाळा संपली की सांगू, नोकरी लागली की सांगू. सावकाश. असं करता करता बायको गेली आणि सांगायचं राहून गेलं. पुढे कंपनीनं हजेरीसाठी ॲप आणलं आणि पासवर्ड मागितला, तेव्हा सावकाशरावांच्या बोटांनी ते नाव टाइप केलं. ॲपच्या हट्टापायी पुढे एक आकडा जोडला. तेव्हापासून रोज सकाळी कामावर गेल्यावर ते नाव ते एकदा बोटांनी घेत. जगात कुणीतरी ते घेत राहावं असं त्यांना वाटायचं. मग बाकीच्या ठिकाणीही त्यांनी तेच लावलं.

कंपनीची माहिती चोरीला गेली, हे त्यांना स्टोअरकीपरनं सांगितलं.

"सगळं गेलं. पत्ता, जन्मतारीख, पासवर्ड. सगळ्यांचं."

"मग आता आपल्याकडे काहीच नाही?"

"आपल्याकडे आहे ना. त्यांच्याकडेही आहे."

माल जागच्या जागी राहतो आणि तरी चोरी होते, हे सावकाशरावांच्या पचनी पडेना. दुपारी कॉम्प्युटर विभागाच्या ताईंनी सगळ्यांना बसवून बजावलं, की हा पासवर्ड जिथं जिथं वापरला असेल तिथं तिथं बदला, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, मोबाईलवर येणारा कोड कुणालाही सांगू नका आणि हे आजच्या आज करा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा प्यायला गेले. सावकाशरावांची अडचण निराळी होती. हे काम त्यांना मुलीशिवाय जमणार नव्हतं, आणि मुलगी पहिला प्रश्न विचारणार होती तो जुन्या पासवर्डाचा. तेव्हा त्यांनी त्यातही सावकाश घ्यायचं ठरवलं.

मग एक दिवस त्यांना एक मेल आली. ते एका उंच इमारतीच्या वरच्या मशीनच्या खोलीत होते. काम नुकतंच संपलं होतं, हात पुसून त्यांनी फोन उघडला, तर मेलच्या मथळ्यावरच ते नाव. पुढच्या आकड्यासकट. खाली मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलं होतं: हा शब्द तुझाच ना? तुझं गुपित मला माहीत आहे. घरच्यांपासून तू काय लपवतोस ते मी पाहिलं आहे. पैसे पाठव, नाहीतर तुझ्या ओळखीच्या सगळ्यांना कळवतो.

सावकाशराव मोटरच्या चौथऱ्यावर बसले. पैशांचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मुलीला हे कळणार, तेही कुठल्यातरी उचल्याच्या तोंडून, आणि मग ती आपल्याकडे कशी बघेल, एवढंच त्यांना दिसत होतं. 'तुम्ही माझे कोण?' असं तिनं विचारलं तर काय सांगायचं? ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि जिने उतरून बाहेर पडले.

बस थांब्यावर सुपरवायझरचा फोन आला.

"सावकाशराव, लिफ्ट बंद आहे म्हणून लोक माझं डोकं खातायत. स्विचला कुलूप तुमचं दिसतंय."

त्यांनी खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती. सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

"कुलूप कापायला कटर पाठवू का?" सुपरवायझरनं विचारलं.

"नको. कुलूप माझं आहे, मीच येतो."

परत जायचं म्हणजे लिफ्ट नाही, जिनेच. अर्ध्या वाटेत एक आजोबा सामानाची पिशवी पायरीवर ठेवून धापा टाकत बसले होते. सावकाशरावांचे कपडे बघून ते म्हणाले, "तुम्हीच का हो ते लिफ्टवाले?" सावकाशरावांनी आजोबांची पिशवी उचलली आणि त्यांच्या दारापर्यंत नेऊन ठेवली. पुढचे मजले ते एकटेच चढत होते आणि डोक्यात कुलपंच फिरत होती. पोरीच्या नावाची गोष्ट त्यांनी आणि बायकोनं मिळून बंद केली होती, दोन कुलपं घालून. एक कुलूप काढायला आता कुणी येणार नव्हतं. कुलूपवाला येणारच नसेल तर काय करायचं, त्याचीही रीत होती. आत कुणी माणूस नाही ना, हे आधी बघायचं आणि मग कुलूप कापायचं. आत कोण होतं? तेच बसले होते आत, इतकी वर्षं. चोरानं सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं. वर जाऊन कुलूप काढलं, लिफ्ट चालू केली आणि घरी आले.

मुलगी औषधांच्या दुकानात नोकरीला होती. दिवसभर उभं राहून आलेली, पाय खुर्चीवर टाकून बसली होती. बापाचा चेहरा बघून तिनं पाय खाली घेतले.

"बाबा, बरं नाही का वाटत?"

"बरा आहे. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला काहीतरी सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, पिशवी खांद्यालाच ठेवून. संस्था, केळ्याचा तुकडा, शहर बदललं ते, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं काम घाईघाईनं केलं. मुलगी टेबलावरच्या एका डागावर बोट फिरवत ऐकत होती.

"आणि हे आजच का सांगताय?" तिनं विचारलं.

त्यांनी फोन पुढे केला आणि मथळ्यातलं तिचं ते नाव बोटानं दाखवलं. तिनं मेल वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"बाबा, ही तुम्हाला एकट्यालाच आलेली नाही. आमच्या दुकानाच्या मालकांनाही आली होती. शब्दाला शब्द हीच, फक्त पासवर्ड त्यांचा. चोराकडे यादी असते, सगळ्यांना एकच मजकूर पाठवतात. काही ना काही लपवलेलं प्रत्येकाकडे असतंच, घाबरून पैसे देतात लोक. उत्तर द्यायचं नाही, पैसे पाठवायचे नाहीत. तुमच्याबद्दल त्याला काडीचंही माहीत नाही."

सावकाशरावांना खरं वाटेना. त्यांनी स्टोअरकीपरला फोन लावला. तो म्हणाला, "आली ना, मलाही आली. मी म्हटलं, सांग खुशाल माझ्या बायकोला. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

फोन ठेवून ते खुर्चीवर बसले. आणि मनातलं तोंडातून निसटलं.

"म्हणजे सांगायची गरज नव्हती."

मुलीनं मान वर केली.

"गरज नव्हती?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "कुठल्यातरी चोराला माझं नाव माझ्या आधी कळलं बाबा. तो ते वाचून बसलाय. मी आत्ता वाचलं."

ती आत गेली. दार तिनं हळूच लावून घेतलं.

सावकाशराव एकटेच बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. त्यांनी ते नाव जिवापाड जपलं होतं यात खोटं काही नव्हतं. पण जिचं होतं तिलाच बाहेर ठेवून जपलं होतं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपलं गुपित आहे. ते त्यांचं नव्हतंच, पोरीचं होतं. तिच्याकडे द्यायचं सोडून त्यांनी ते एका कंपनीच्या हवाली केलं, आणि कंपनीनं ते वाऱ्यावर सोडलं. त्यांनी उठून सिंकमधली भांडी घासली. ती संपल्यावर आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसला.

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात लॅपटॉप होता. डोळे सुजले होते. ती येऊन टेबलाशी बसली आणि शेजारची खुर्ची तिनं पायानंच बाहेर सरकवली.

"ईमेलपासून सुरू करू," ती म्हणाली. "ईमेल हातात आलं की त्यावरून बाकीची सगळी खाती उघडता येतात, म्हणून ते आधी बदलायचं. जुना पासवर्ड सांगा."

"मी टाकतो," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"नको. तुम्ही सांगा, मी टाकते."

बायको गेल्यापासून ते नाव त्यांनी तोंडानं घेतलं नव्हतं. आता त्यांनी ते घेतलं. तिनं एकेक अक्षर शोधून ते टाकलं, परक्या माणसाचं नाव टाकावं तसं.

"पुढे आकडा आहे," ते म्हणाले.

आकडाही टाकला. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. मग नवा पासवर्ड टाकायची वेळ आली, तेव्हा तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसली.

"मला नका सांगू. तीन-चार शब्द घ्या, एकमेकांशी संबंध नसलेले. घरातलं कुणाचं नाव नको, तारीख नको. आणि प्रत्येक ठिकाणी निराळे."

"एवढे लक्षात कसे राहणार?"

"त्यासाठी ॲप मिळतं, ते मी लावून देते. त्याचा तेवढा एक लक्षात ठेवा."

मग असंच चालू झालं. जुना ती टाकायची, नवा ते टाकायचे. सावकाशराव एका बोटानं टाइप करत. ती भिंतीकडे बघत थांबायची, "सावकाश" असं काही म्हणायची नाही, घाईही करायची नाही. बँकेच्या खात्याशी आल्यावर ती अडली.

"आई कधी घ्यायची हे नाव?"

"तू झोपलीस की. पांघरूण घालताना."

"आणि तुम्ही?"

त्यांनी कळफलकाकडे बोट दाखवलं. तिनं नाक पुसलं, मान हलवली आणि पुढचं खातं उघडलं. विजेचं बिल झालं, गॅस झाला, जुन्या फोनचं एक विसरलेलं खातंही सापडलं. शेवटी हजेरीचं ॲप राहिलं. त्यानं जुना पासवर्ड विचारला. तिनं तो टाकला, या वेळी कळफलकाकडे न बघता.