काचेवरची डबी

प्रमोदिनीताई आज पोट धरून हसतात, पण टँकरवाल्या धोंडिबाच्या गाडीच्या काचेवर चिकटवलेली ती डबी त्यांना पहिल्यांदा चक्क टीव्ही वाटली होती! दुष्काळाचं साल होतं. पडेगावला नव्या कॉलनीत लेकीच्या घराची वास्तुशांत आणि नळाला पाणी नाही, म्हणून ते घर अजून न पाहिलेल्या बाईसाहेब आपल्या घरून परस्पर गाडी घेऊन टँकर आणायला नाक्यावर गेल्या.

"गाडी चालवताना टीव्ही बघता? लाज नाही वाटत?"

"टीव्ही नाय ताई, रस्ता दावतंय ते."

"राहू द्या ते खेळणं. माझ्या गाडीत कंपनीनंच नकाशा बसवलाय. या मागं!"

धोंडिबा टँकर घेऊन मागं निघाला. आता ताईंचा नकाशा चार वर्षांचा जुना. शोरूमला नेऊन बदलून घ्यायचा राहूनच गेलेला. नवी कॉलनी त्यात असणार कुठून? दोन्ही गाड्या थेट नांगरलेल्या वावरात जाऊन थांबल्या. तिकडं साठ पाहुणे कोरड्या हातांनी ताटकळलेले. ताईंना मान वर करवेना.

धोंडिबानं काचेवरची डबी उपटली आणि त्यांच्या हातात दिली. "ही लावा तुमच्या काचेला. माझी पोरगी संध्या दर महिन्याला हिच्यात नवा नकाशा भरती. तुमचं तर गाडीतून निघतबी नाय."

डबीनं बरोब्बर दारात नेलं. "रस्ता मीच चुकवला," ताईंनी खाली बघतच सगळ्यांना सांगितलं. तरी डबी परत देताना राहवलं नाहीच.

"पण माझ्या नकाशाचा पडदा मोठा आहे हं!"

"व्हय ताई, म्हणून तर वावर लई मोठं दिसलं."