दर्याशी भांडणारी मावशी

आईच्या कोळीण मैत्रिणीइतकी भांडखोर बाई लालबाग-परळात झाली नाही आणि आता होणारही नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या ती चाळीच्या जिन्यातच उद्धरायची आणि मग त्याच्याच घरी चहा पिऊन जायची. जाळं रिकामं आलं की किनाऱ्यावर उभी राहून खुद्द दर्यालाही झापायची. नारळीपुनवेला मात्र त्यालाच लाडानं नारळ द्यायची. संपात बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा एका दुपारी तिनं सुक्या बोंबलांची अख्खी पाटी आमच्या दारात ओतली. आई नको नको म्हणाली, तशी कडाडली, "गिरण बंद झालीय, तोंडं नाय." त्या बोंबलांवर आमचे ते दिवस निघाले.

पुढे दर्याच बिघडला. पाणी तापलं, मासळी खोल गेली. मावशीच्या मुलाची लहानशी होडी तिथवर कुठली पोचायला? बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर वाळत टाकावेत, तर ऐन थंडीत पाऊस! माल जागच्या जागी कुजला. मग मदत करणारे आले. त्यांनी कोळीवाड्यात भरवलेल्या सभेत मावशीनं दोनच गोष्टी मागितल्या: वाळवणाच्या जागेवर छप्पर आणि मोठ्या ट्रॉलरना किनाऱ्याजवळ बंदी. साहेब म्हणाले, हे योजनेत बसत नाही. योजनेत काय बसत होतं म्हणता? शिलाई मशीन. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. आणि पुढे त्या वाळवणाच्या जागेवरच बाग झाली, म्हणे हवामानबदलाशी लढायला. धूर सोडला आमच्या गिरण्यांनी, एसी गुरगुरतात आमच्या टॉवरात, आणि जागा गेली मावशीची. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मावशी त्या बागेच्या फाटकाशी घसा बसेपर्यंत भांडली. वॉचमननं तिला पाणी दिलं, तेवढीच काय ती मदत.

परवा ती आमच्याकडे आली. पाटीत बर्फातले बांगडे, परगावाहून ट्रकनं आलेले. होडी विकली, म्हणाली, तेही इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. मला ते बघवेना. जुनी मावशी जरा जागी व्हावी म्हणून मी मुद्दाम निम्मा भाव सांगितला आणि शिव्यांची वाट बघत दारात उभा राहिलो. तिनं मान खाली घालून बांगडे माझ्या पिशवीत टाकले.

"घे बाबा," ती म्हणाली, "आपल्या दर्याचे थोडेच हायेत?"