फूटपाथवरचं जेवण

२०२१च्या एप्रिलमध्ये पुण्यात वडील कोविडने गेले. मी नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला एकटी राहत होते. निघाले असते तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. भाऊ म्हणाला, "येऊन तरी काय करणार? आम्हालाही जवळ जाऊ दिलं नाही."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याने घरातच, चार माणसांत केला. मी लॅपटॉपवर होते. इथे सकाळचे साडेसात वाजले होते. त्रिशरण म्हणताना माझा आवाज मागून यायचा, सगळ्यांचा गोंधळ व्हायला लागला, म्हणून भावाने मला म्यूट केलं. मी तसंच शेवटपर्यंत म्हटलं. कॉल संपला आणि स्क्रीनवर माझाच चेहरा राहिला.

दुपारी भूक लागली. याचं मला जरा आश्चर्य वाटलं. पांढऱ्या कुर्त्यावर कोट चढवून बाहेर पडले. हॉटेलांना नुकतीच बाहेर टेबलं मांडायची परवानगी मिळाली होती. स्टेशनमागच्या गल्लीत एक लहानसं फिलिपिनो हॉटेल होतं. हिवाळाभर मी तिथून पार्सल नेलं होतं. मालकीणबाई पंचावन्नच्या आसपासच्या. त्यांची माणसं त्यांना 'आते' म्हणत. त्यांच्याकडे आते म्हणजे मोठी बहीण. मीही तेच म्हणायला लागले होते.

फूटपाथवर चार टेबलं होती. वारा असा की लोक कोट घालूनच जेवत होते. मी सिनिगांग मागवलं. चिंचेचं आंबट, पातळ सार, त्यात मुळा, वांगी, कोळंबी, आणि बाजूला भात.

आतेंनी वाडगा ठेवला आणि मास्कवरून माझ्याकडे बघितलं. "आज ऑफिस नाही?"

"रजा आहे. वडील वारले. आज त्यांचा कार्यक्रम होता."

"इथे?"

"पुण्यात. मी घरून बघितला."

त्या शेजारच्या टेबलाचं बिल देऊन परत आल्या. "आमच्याकडे मयताच्या घरून कुणी थेट आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, काही खायचं. म्हणजे गेलेलं माणूस मागोमाग घरी येत नाही."

आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. वडिलांनी तर हसून वाद घातला असता. तरी मी विचारलं, "पण मी तर घरातच होते. मग?"

हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारला नसावा. त्यांनी हातातला ट्रे टेबलाच्या कडेला टेकवला.

"मग बाहेर आलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "माझी आई गेली तेव्हा मी दिवसभर स्वयंपाकघरात होते. ऑर्डरी होत्या."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

मी गेल्या वर्षीही तिथून जेवण नेलं होतं. कदाचित त्याच दिवशी.  त्यांनी न विचारता आणखी भात आणून वाढला आणि आत गेल्या. तो संपवताना मला रडू आलं, फार नाही. समोरून सायकली जात होत्या. कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवलीस का?"

"हो. चिंचेचं सार, भात."

"तिकडे चिंच मिळते?"

"मिळते," म्हटलं. मग बराच वेळ आम्ही तिकडे काय काय मिळतं, तेच बोलत राहिलो.