तीन मजली झोपडी

उजवा हात छातीवर, मान किंचित तिरपी, आणि मग ते ठरलेलं वाक्य: "येजा ना बाप्पा कधी आमच्या झोपडीत!"

झोपडी बुढापारा नावाच्या आमच्या मोहल्ल्यात होती आणि तीन मजली होती. आमच्या या शेजारच्या काकांसारखा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. घराला झोपडी म्हणायचा हक्क फक्त मालकाचा, आणि पाहुण्याने लगेच "छे, महाल आहे!" म्हणायचं, हे तुम्हाला सांगायला नकोच. काकांकडे ते म्हटल्याशिवाय चहा येत नसे.

एकदा माझ्यासोबत काकांकडे आलेल्या आमच्या ऑफिसातल्या नव्या, भोळ्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं. सोफ्यावर बसून ते म्हणाले, "हाँ भैया, छोटा है, पर हवादार है." काका हसत उठले आणि त्यांना घर दाखवायला निघाले. खोली न् खोली झाली, गच्ची झाली, शेवटी पाण्याच्या टाकीपर्यंत चढवलं. तिथे साहेब धापा टाकत म्हणाले, "भैया, ये तो महल है!" तेव्हा कुठे काकांनी खाली हाक मारली, "अवं, चहा ठेव!"

"झोपडी झाडता झाडता माहे गुडघे गेले," काकू म्हणायच्या. आम्ही हसायचो.

पण गुडघे खरंच गेले. काकूंना जिना चढवेना. घरावर एवढा जीव असलेल्या काकांनी ते विकलं आणि भावांचे वाटे देऊन उरलं त्यात तेलीबांध्याला, लिफ्टच्या इमारतीत, दोन खोल्या घेतल्या.

एकदा गोलबाजारात भेटले. मान तिरपी झाली. "येजा ना..." म्हणून अडखळले. "येजा ना घरी."

गेलो. जुना सोफा निम्मी खोली अडवून बसला होता. माझं उत्तर तोंडाशी तयार होतं, पण काका तो शब्दच काढेनात. चहा मात्र लगेच आला. काकूंनीच आणला, हळूहळू, कुणाचा आधार न घेता. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "काका, महाल आहे हो!"

"काहून थट्टा करून राहिले बाप्पा? दोनच खोल्या आहेत." मग काकूंकडे पाहून म्हणाले, "पण हिले चालता येऊन राहिलं."

मला फार वाईट वाटलं. त्यांची ती खोटी नम्रता मला इतकी हवीशी वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

लिफ्टपर्यंत सोडायला आले. दार मिटता मिटता त्यांचा उजवा हात छातीवर गेला. मी आशेने मान पुढे केली.

ते खिशातला चष्मा चाचपत होते.