आमच्या शाखेतले पासवर्ड

"पोरगी हुशार आहे, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. काउंटरला अशी मुकी बाई काय कामाची? कन्फर्म करायचं की नाही, विचार करावा लागेल."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं आणि मी ते ऐकावं असं कुणाच्याही मनात नव्हतं. आमचे ब्रँच मॅनेजर खैरनार साहेब केबिनमध्ये नलिनीताईंशी बोलत होते. नलिनीताई म्हणजे शाखेतल्या सर्वांत जुन्या क्लार्क. केबिनची भिंत प्लायवूडची, आणि भिंतीपलीकडे व्हाउचरच्या कपाटाशी मी.

लग्न आणि नोकरी मला एकाच महिन्यात मिळाली. कळवणहून नाशिकला आले ती नवं घर, नवं आडनाव आणि पंचवटीतली ही छोटी सहकारी बँक, असं सगळं एकदमच अंगावर घेऊन. "सौ. बोरस्ते" अशी हाक आली की पहिले पंधरा दिवस मी इकडेतिकडे बघायचे, कोण बरं ही बाई. नोकरी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. नवरा सिन्नरच्या कंपनीत, सकाळी सातला घराबाहेर. नोकरी गेली असती तर दिवसभर सासूबाईंच्या सीरियली आणि मी. मग मात्र खरोखरच मुकी झाले असते.

पण गप्प माणसाची एक गंमत असते. लोक त्याच्यासमोर कपाटासमोर बोलावं तसे मोकळेपणी बोलतात. आपण फक्त तिथे असायचं, किस्से आपोआप साठत जातात. त्यात बँकेत तेव्हा नुकतेच कॉम्प्युटर आले होते, आणि ग्राहकांची खाती हॅकरपासून वाचवायची कशी, या एका विषयावर आमची शाखा जीव टाकून काम करत होती.

*

सर्व्हर ठेवला होता एका काचेच्या खोलीत. तिला एसी, दोन कुलुपं, आणि दाराबाहेर पाटी: 'चप्पल-बूट बाहेर काढावेत'. धूळ आत गेली तर कॉम्प्युटर आजारी पडतो, असं साहेबांना ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

एके दुपारी बाहेर काढलेले सगळे जोड कुणीतरी पिशवीत भरून नेले. पाच जोड. त्यात साहेबांच्या नव्या सँडल. साहेब अनवाणी धावत आत गेले, सर्व्हर तपासला आणि घाम पुसत बाहेर आले.

"डेटा शाबूत आहे," त्यांनी जाहीर केलं.

"चांगलं झालं साहेब," आमचे शिपाई पगारेमामा म्हणाले. "पण आता घरी काय डेटा घालून जायचं?"

*

पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, असा हेड ऑफिसचा नियम होता. साहेबांनी तो मनापासून पाळला. एक महिना बायकोचं नाव, मग मोठी मुलगी, मग धाकटी, मग परत बायको.

एका सोमवारी काउंटरपुढे ही रांग लागलेली. साहेब फोनवर, आणि मोठा चेक पास करायला त्यांचा पासवर्ड हवा. नलिनीताईंनी सवयीने टाकला, तर चालेना. परत टाकला, परत नाही. हॉलच्या त्या टोकाला चहा देणारे पगारेमामा तिथूनच ओरडले, "ताई, एक तारीख उलटली. वहिनींचं नाव संपलं, आता थोरलीचं टाका."

रांगेतल्या एका गृहस्थांनी जाता जाता केबिनमध्ये डोकावून साहेबांना विचारलं, "थोरली कितवीला आहे हो?"

साहेबांनी त्याच दिवशी मीटिंग घेतली. यापुढे सगळ्यांनी अवघड पासवर्ड ठेवायचे, आकडे घालायचे. सगळ्यांनी ठेवले. इतके अवघड की दुसऱ्या दिवशी कुणालाच आपला आठवेना. मग नलिनीताईंनी सगळ्यांचे पासवर्ड सुवाच्य अक्षरात एका कागदावर लिहिले आणि तो काउंटरच्या काचेखाली सरकवला. साहेब चिडले. म्हणाले, अहो, हे ग्राहकांना दिसतंय.

तेव्हापासून कागद पालथा ठेवला जाऊ लागला.

*

हॅकर फोनच्या तारेतून येतो, हे साहेबांनी पेपरात वाचलं. त्या दिवसापासून बँक बंद झाली की ते मोडेमची तार स्वतः उपसायचे, तिची व्यवस्थित गुंडाळी करायचे आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचे. "आता येऊ दे कोण येतो ते," असं म्हणून स्कूटरला किक.

आठवड्याच्या रजेवर गेले तेव्हाही तार त्यांच्याबरोबरच गेली. आठ दिवस हेड ऑफिसलासुद्धा आमच्या शाखेत शिरता आलं नाही. साहेब म्हणाले, "बघा, पद्धत पक्की आहे."

*

रोजचा बॅकअप एका कॅसेटवर निघायचा. ती कॅसेट शाखेबाहेर, सर्वांत सुरक्षित जागी ठेवावी, असाही नियम. नलिनीताईंचं घर मागच्याच गल्लीत, म्हणून जबाबदारी त्यांच्याकडे. आणि त्यांच्या घरातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे देवघर. तिथे ना मुलं हात लावत, ना मोलकरीण.

हेड ऑफिसचे कॉम्प्युटर विभागाचे साहेब, जहागीरदार सर, तपासणीला आले आणि कॅसेट बघायची म्हणाले. नलिनीताईंच्या सासूबाईंनी त्यांना आधी पाय धुवायला लावले. मग पाट मांडला, हातावर तीर्थ दिलं. कॅसेट देवांच्या मागे नीट होती. फक्त इतके दिवस बरोबरीने पूजा झाल्यामुळे तिलाही गंध लागलेलं.

जहागीरदार सरांनी रिपोर्टात लिहिलं: 'बॅकअप सुरक्षित आहे. मात्र त्यास हळद-कुंकू लावू नये.'

*

खातं सुरक्षित आहे का, हा प्रश्न आम्हाला सरळ तोंडावर विचारला तो एकाच माणसाने. देवळा गावचे आहेरबाबा. कांदा विकायला नाशिकला यायचे आणि माझ्याच काउंटरला उभे राहायचे.

"पहिलं तुमचं लेजर लय मोठं होतं ताई," ते म्हणाले. "चोरायचं म्हटलं तर गाडी जुंपावी लागली असती. आता म्हणे घरी बसल्या चोरून नेतात. माझं खातं हाय ना जागेवर? दाखव बरं."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी आपलं नाव काचेवर बोट ठेवून वाचलं. समाधान झालं. चष्मा पुसून परत बघतात तर नाव गायब, आणि स्क्रीनभर रंगीत मासे पोहतायत. बाबांचा चेहरा उतरला. मी माउस हलवला, नाव परत आलं. सोडला, थोड्या वेळाने मासे आले. परत हलवला, नाव.

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे ते राखणीला हायेत."

मी मान हलवली. दुसरं काय सांगणार?

पुढच्या खेपेला ते देवळ्याची आणखी तीन माणसं घेऊन आले. साहेबांनी त्यांना रिकाम्या काउंटरवर बोलावलं, तर बाबा म्हणाले, "नको साहेब. ह्या ताई बोलत नाय. आपलं खातं अशाच माणसापाशी बरं."

साहेब केबिनमध्ये गेले. माझ्या कन्फर्मेशनचा फॉर्म त्यांच्या टेबलावर तसाच कोरा होता. सहा महिने भरायला पंधरा दिवस उरले होते.

*

आणि मग तो फोन आला. सकाळी अकराला, ऐन गर्दीत. मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, तुमच्या शाखेवर हल्ला होण्याची शक्यता आहे, ताबडतोब सगळ्यांचे पासवर्ड तपासायचे आहेत.

हल्ला म्हटल्यावर साहेब उभेच राहिले. उभ्यानेच आपला पासवर्ड सांगितला, स्पेलिंगसकट. नलिनीताईंनी काचेखालचा कागद सुलटा करून वाचून दाखवला, रजेवर असलेल्यांचेही सोडले नाहीत. पगारेमामांना कॉम्प्युटरच नव्हता, पण आपल्याकडून काही राहायला नको म्हणून त्यांनी साहेबांचाच पुन्हा एकदा सांगितला. शेवटी रिसीव्हर माझ्या हातात आला.

"मॅडम, तुमचा?"

मी गप्प.

"मॅडम, ऐकताय ना? पासवर्ड?"

मी गप्पच. पलीकडून फोन ठेवला गेला.

आठवड्याने जहागीरदार सर आले. सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि शांतपणे सांगितलं की तो फोन हेड ऑफिसनेच करवला होता, परीक्षा म्हणून. मग खिशातून यादी काढून एकेकाचा पासवर्ड वाचून दाखवला. पुढे आकडे लावलेलं थोरलीचं नाव आलं तेव्हा साहेबांनी पंख्याकडे बघितलं.

"पूर्ण शाखेत," सर म्हणाले, "एकाच व्यक्तीने पासवर्ड दिला नाही. सौ. बोरस्ते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेबांना तर बुडताना काठ सापडल्यासारखं झालं. मी पहिल्यापासून म्हणतोय, ही मुलगी कमी बोलते ती उगीच नाही, असं त्यांनी सरांना दोनदा सांगितलं. पगारेमामांना माझा फॉर्म आणायला पाठवलं, पेनाचं टोपण काढलं.

जहागीरदार सरांनी मात्र वही उघडली होती. बाकीच्या शाखांना माझं उदाहरण द्यायचं होतं त्यांना. "सांगा मॅडम, मोकळेपणी सांगा. त्या क्षणी तुमच्या मनात नेमकं काय आलं?"

फॉर्म आला. साहेबांचं पेन कागदावर टेकलं. नलिनीताई डोळ्यांनी मला खुणावत होत्या, गप्प बस.

मी म्हणाले, "सर, मला पासवर्ड अजून मिळालेलाच नाही. पहिल्या दिवसापासून मी साहेबांच्याच पासवर्डवर काम करते. तो तर त्यांनी आधीच सांगितला होता. मग आता कुणाचा सांगू, याचा विचार करत होते, तोवर फोन बंद झाला."