अळणी डाळ

माझे सासरे दादरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. ते रिटायर झाले आणि आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. रविवारी त्यांची मित्रमंडळी हॉलमध्ये जमायची आणि सासरे ऐकवायचे, "ज्ञानाचा पाया म्हणजे संशय. स्वतःच्या इंद्रियांवर कधी विसंबू नका." चहात साखर कमी पडलेली मात्र त्यांना पहिल्या घोटात कळायची.

सासूबाईंना ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, म्हणून त्यांची डाळ मी अळणी करायचे. त्या उन्हाळ्यात ती खारट लागायला लागली, वर धड शिजेचना. सासूबाईंचे पाय सुजले. त्या ताटावरून माझ्याकडे बघत राहायच्या.

प्यायला आणि चहाला मी खालच्या नगरपालिकेच्या नळावरून कळशी आणायचे, पण डाळभात घरातल्या नळाला येणाऱ्या टाकीच्या पाण्यात. ते पाणी चाखलं. खारट! टाकीत बोअरचं पाणी सोडतायत, मी सासऱ्यांना म्हटलं.

"सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला स्वतः सांगितलंय, बोअरचं पाणी फक्त संडासाला. अगं, सगळीकडे मिठागरं, इथली हवाच खारी. तुला भास होतोय. एका जिभेने काही सिद्ध होत नाही."

"मग तुम्ही चाखून बघा."

"दोन जिभांनीही होत नाही."

काय बोलणार, कपाळ! नवरा पेपरामागून म्हणाला, "बाबा म्हणतायत तर असेल." मोठा शहाणा. म्हणजे सेक्रेटरीचा शब्द ते ज्ञान आणि माझी जीभ तो भास. यांचा संशय घरातल्या सुनेपाशी सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा.

"हात सवयीने मीठ टाकतो आणि तुझ्या लक्षात राहत नाही," सासरे म्हणाले. संतापाची गोष्ट ही, की मला ते पटायला लागलं. डाळ ढवळताना मी माझ्याच बोटांवर पाळत ठेवायचे. सासूबाईंना मीच मारतेय की काय, या भीतीने मोरीत जाऊन रडायचे. शेवटी मिठाची बरणी समोरच्या गुजराती बेनकडे नेऊन ठेवली. सगळं घर अळणी. डाळ तरी खारट.

"कुठेतरी दुसरं मीठ असेल. आठवत नसेल तुला."

तेव्हा माझं डोकं सटकलं. संशय घ्यायला तरी आपलंच डोकं लागतं ना? त्या डोक्यावर यांचा केवढा विश्वास! माझं डोकं तेवढं कुचकामी.

रविवारी मंडळी जमली. सासऱ्यांनी पाणी मागितलं. मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली पेला धरला आणि नेऊन दिला.

"शी! खारट आहे हे!"

"कशावरून, बाबा?"

"कशावरून काय? तोंडात घेतलंय ना मी!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, उद्यापासून माझी डाळ कळशीतल्या पाण्यात कर गं." सासरे चष्मा पुसत बसले. वर म्हणतात कसे, या प्रश्नाच्या आणखीही बाजू आहेत.

मी समोर जाऊन बरणी मागितली. बेन म्हणाली, "देख लो, जितना दिया था उतना ही है."

मी झाकण उघडलं नाही.